तारमास्तरचा मुका फोन

सन 2004 च्या ऑक्टोबरातली गोष्ट. आमच्या धाकट्या कन्येचे पहिले बाळंतपण अमेरिकेत, न्यू जर्सीत व्हायचे होते आणि त्यासाठी आम्ही उभयता निघालो होतो. 'उभयता' हा शब्द मी केवळ शिष्टाचार म्हणून वापरला. खरे बोलावणे सौभाग्यवतीला होते. मी सामानाबरोबर चाललो होतो. सामान म्हणजे भाजणी, मेतकूट, बाळंतशेपा, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी आणि डिंकाच्या लाडवांचे दोन पत्र्याचे डबे. या सगळ्या पसाऱ्यात माझी स्वतःची म्हणावी अशी वस्तू एकच होती. माझा मोबाईल फोन.

फोन तसा साधाच. पडदा आगपेटीएवढा, आणि डोक्याला टॉर्च. पण त्याची तयारी मी लग्नाच्या मुलीसारखी केली होती. कंपनीच्या कचेरीत तीन खेपा घातल्या, अनामत भरली, अर्जावर सह्या केल्या आणि 'इंटरनॅशनल रोमिंग' चालू करून घेतले. त्या काळी ते आपोआप मिळत नसे. जावयाचा नंबर, मुलीच्या घरचा नंबर, पुण्याच्या घरचा नंबर, सगळे देशाच्या आकड्यासकट फोनात भरून ठेवले. सौभाग्यवती म्हणाली, "अहो, एका कागदावरही लिहून घ्या." मी हसलो. निवृत्त तारमास्तरला दळणवळणाचे धडे कोणी द्यावेत!

होय, मी तारमास्तर. उभा जन्म तारखात्यात गेला. तरुणपणी वाईच्या कचेरीत कट्ट-कड्ड करीत बसलो, पुढे साताऱ्याला आणि शेवटी पुण्याला. जन्म, मृत्यू, नोकरीचा हुकूम, परीक्षेचा निकाल, सारे माझ्या बोटांखालून गेले. निरोप वेळेवर न पोचल्याने माणसांचे काय होते हे मला ठाऊक होते, आणि निरोप पोचवणे ही आपली खास विद्या आहे असा माझा तोराही होता. तो तोरा कुठे उतरला ते आता सांगतो.

फ्रँकफर्टला विमान बदलायचे होते. विमानतळावर फोन चालू केला आणि अर्ध्या मिनिटात पडद्यावर एका जर्मन कंपनीचे नाव उमटले. मी पुण्याला मुलाला फोन लावला. आवाज असा खणखणीत, की जणू तो शनिवारवाड्यावरून बोलतो आहे. "पोचलो रे फ्रँकफर्टला. आई ठीक. ठेवतो, मिनिटाला फार पडतात." फोन खिशात टाकून मी सौभाग्यवतीकडे अशा नजरेने पाहिले, की तो जर्मन मनोरा मीच उभा केला होता.

न्यूअर्कला उतरलो तेव्हा तिथली दुपार होती. कस्टमवाल्याने लाडवाचा डबा उघडून वास घेतला आणि परत मिटला. बाहेर आलो. घ्यायला कोणी नाही. होतो उशीर, रस्त्यात गर्दी असेल, म्हणून बाकावर बसलो आणि फोन चालू केला. पडदा उजळला. पण कंपनीचे नाव येईना. फोन नुसता शोधतो आहे, शोधतो आहे. मी बंद करून पुन्हा चालू केला. खिडकीपाशी नेला, दाराबाहेर नेला, उंच धरला. नाव नाही. टॉर्च मात्र उत्तम लागत होता.

अर्धा तास गेला, तास गेला. भिंतीशी सार्वजनिक टेलिफोन होते, पण त्यांना तिथली नाणी लागत आणि आमच्याजवळ होत्या शंभर-शंभराच्या नोटा. दुकानात जाऊन एक नोट मोडायची एवढी साधी गोष्ट. पण परक्या देशात पहिल्या तासाला माणसाची अक्कल कस्टममध्येच राहते. सौभाग्यवती दोन बॅगांच्या मध्ये हात जोडून बसली होती. ती काही बोलत नव्हती, आणि तेच मला सोसवत नव्हते. दिवस भरलेली मुलगी, आणि ठरल्या वेळी घ्यायला कोणी नाही. तिच्या मनात काय चालले असेल ते मला दिसत होते, कारण माझ्याही मनात तेच चालले होते.

दोन तासांनी शेजारच्या बाकावरच्या एका गुजराती गृहस्थांना आमची दया आली. "अंकल, कोई लेने आनेवाला था?" मी हकिकत सांगितली. त्यांनी आपला फोन पुढे केला. आता माझ्या फोनाचा एक उपयोग झाला हे कबूल केले पाहिजे: नंबर वाचायला तो वहीसारखा कामी आला. घरचा नंबर नुसताच वाजत राहिला. मग जावयाचा लावला.

"बाबा! अहो, आहात कुठे तुम्ही? मी तुम्हाला पंचवीस वेळा फोन केला!"

मुलीला त्या दिवशी पहाटेच कळा सुरू झाल्या होत्या. जावई तिच्यापाशी इस्पितळात. आम्हाला आणायला त्याने आपल्या एका मित्राला पिटाळले होते. मित्राने आम्हाला कधी पाहिलेले नव्हते, पण त्यात काय, त्याच्यापाशी माझा मोबाईल नंबर होता ना! तो बिचारा त्याच दालनात दोन तास माझा नंबर फिरवीत हिंडत होता. आमच्या बाकापासून पन्नास पावलांवर. आणि आम्ही बाकावर बसून तो फोन हवेत धरीत होतो.

"सगळं ठीक आहे ना?" मी विचारले. घसा कोरडा पडला होता.

"मुलगी झाली, बाबा. वीस मिनिटं झाली. दोघी छान आहेत."

सौभाग्यवतीने हे माझ्या तोंडावरच वाचले. तिने मुकाट्याने लाडवाचा डबा उघडला आणि ज्या लाडवांना मला मुंबईपासून हात लावू दिला नव्हता, त्यातला पहिला त्या गुजराती गृहस्थांच्या हातावर ठेवला.

पन्नास-शंभराचा फरक

पुढे आठ-दहा दिवसांनी, घर जरा स्थिरस्थावर झाल्यावर, मी तो फोन जावयाच्या पुढ्यात टाकला. जावईबापू याच धंद्यातले इंजिनियर. मी म्हणालो, "नादुरुस्त आहे म्हणावे तर फ्रँकफर्टला चालला. पैसे भरले नाहीत म्हणावे तर पावती माझ्यापाशी आहे."

त्याने फोन उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाला, "फोन ठीक आहे, बाबा. कार्ड ठीक आहे. रोमिंगही ठीक आहे. पण हा फोन 900 आणि 1800 चा आहे. इथे 850 आणि 1900 लागतात."

"पन्नास-शंभराचाच तर फरक!" मी म्हणालो. भाजीवालीशी बोलावे तसा माझा सूर लागला.

"बाबा, तुमच्या रेडिओला बँड असायचे ना?"

"होते की. मीडियम वेव्ह, शॉर्ट वेव्ह."

"मग नुसत्या मीडियम वेव्हच्या रेडिओवर सिलोन लागायचं का?"

आता मला उमगले. वाईला आमच्या शेजाऱ्यांकडे एकाच बँडचा ट्रान्झिस्टर होता. सबंध आठवडा ते त्याची तारीफ करीत, आणि बुधवारी रात्री आठच्या आत बिनाका गीतमाला ऐकायला सहकुटुंब आमच्या ओटीवर हजर होत. सिलोनचे गाणे त्यांच्याही घरावरून जातच होते. पण त्या लांबीची लहर पकडायची सोय त्यांच्या पेटीत नव्हती. न्यूअर्कच्या हवेत फोनाच्या लहरी काय कमी होत्या? माझ्या फोनाला त्या बाबतीत कान नव्हता, एवढेच.

वाचक म्हणतील, रेडिओचा काटा फिरवता येतो, मग फोनाचा का नाही? त्याचे असे आहे. 900 मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला 90 कोटी आंदोलने. अशा सूक्ष्म लहरींच्या कलकलाटातून आपल्या कामाचा तेवढाच पट्टा निवडून घ्यायला फोनाच्या पोटात बारीक गाळण्या बसवलेल्या असतात. कारखान्यात जी गाळणी बसली ती बसली. गव्हाच्या चाळणीने मैदा चाळता येत नाही. आणि प्रत्येक जादा गाळणीला जागा लागते, पैसे लागतात. म्हणून ज्या मुलखात फोन विकायचा त्या मुलखापुरत्याच गाळण्या घालण्याची कारखानदारांची पद्धत पडली.

हे झाले फोनाचे. पण मुळात अमेरिकेने 850 का घेतले आणि आपण 900 का? एकाच पृथ्वीवर एकच आकाश, मग त्याची अशी वाटणी केली कोणी? माझी शंका ऐकून जावई म्हणाला, "आकाशालाही सातबारा असतो, बाबा." पुढे परत आल्यावर निवृत्तीच्या रिकाम्या वेळात मी हा सातबारा खणून काढला. तो मोठा मौजेचा निघाला.

आधी कोण बसले होते?

जमिनीचा कज्जा असो की लहरींचा, पहिला प्रश्न एकच: आधी तिथे कोण बसले होते?

अमेरिकेत बसले होते टेलिव्हिजन. तिथे दूरचित्रवाणीच्या उंच पट्ट्यातले 70 ते 83 हे मार्ग म्हणजे सुमारे 806 ते 890 मेगाहर्ट्झ. त्यांचा फारसा वापर होईना, म्हणून 1970 च्या दशकात सरकारने ती गावकुसाबाहेरची पडीक जमीन फिरत्या टेलिफोनांना दिली. त्यातच 13 ऑक्टोबर 1983 रोजी शिकागोला अमेरिकेची पहिली व्यापारी मोबाईल सेवा सुरू झाली. तेच हे 850.

युरोपात जमीन वेगळी आणि भांडणेही वेगळी. 1980 च्या दशकात तिथे प्रत्येक देशाची फोनाची तऱ्हा निराळी होती. जर्मनीचे फोन 450 च्या आसपास, इंग्लंडचे 900 च्या. जर्मन मोटार फ्रान्सच्या हद्दीत शिरली की तिच्यातला टेलिफोन मुका. एकमेकांना खेटून असलेले देश, आणि दर दोनशे मैलांवर टेलिफोनची वाचा बसायची, म्हणजे हसावे की रडावे! शेवटी 1982 साली त्यांनी एक समिती नेमली. तिचे फ्रेंच नाव 'ग्रूप स्पेसियाल मोबिल', आणि त्याची आद्याक्षरे जीएसएम. 1987 साली युरोपीय समुदायाने 890 ते 915 आणि 935 ते 960 हे दोन पट्टे सगळ्या सभासद देशांनी या कामासाठी राखावेत असे ठरवले. 1 जुलै 1991 रोजी फिनलंडमध्ये तिथल्या एका माजी पंतप्रधानांनी या पद्धतीवरचा पहिला फोन केला. न्यूअर्कला माझी जी गत झाली ती युरोपियनांनी आपल्या घरात आधीच भोगली होती आणि आपल्यापुरता तिच्यावर उतारा काढला होता. आपल्यापुरता, हे लक्षात ठेवावे.

आपल्याकडे हा पाहुणा युरोपच्या वाटेने आला. 31 जुलै 1995 रोजी कलकत्त्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून ज्योती बसूंनी दिल्लीला दळणवळण मंत्री सुखराम यांना फोन केला, तो देशातला पहिला मोबाईल संवाद. तो जीएसएमचा. म्हणून माझा फोन फ्रँकफर्टला घरच्यासारखा वागला: तो जातीने युरोपियनच होता.

या सातबाऱ्यात एक नोंद अशी सापडली की मी चष्मा पुसून पुन्हा वाचली. जगाचे लहरींच्या कामासाठी तीन विभाग पाडलेले आहेत. पहिल्यात युरोप, आफ्रिका आणि अरबस्तान. दुसऱ्यात दोन्ही अमेरिका. तिसऱ्यात आपण आणि उरलेले बहुतेक आशिया-ऑस्ट्रेलिया. ही वाटणी ठरली 1947 सालच्या मे ते ऑक्टोबर या काळात भरलेल्या परिषदेत, आणि परिषद भरली होती अटलांटिक सिटीला. अटलांटिक सिटी न्यू जर्सीतच आहे! ज्या प्रांतात माझा फोन मुका झाला त्याच प्रांतात त्याच्या मुकेपणाची रेघ सत्तावन्न वर्षांपूर्वी आखली गेली होती. आणि तीही कोणत्या महिन्यांत? इकडे रॅडक्लिफसाहेब नकाशावर रेघ ओढीत होते, त्याच महिन्यांत.

आम्हा तारवाल्यांचा इतिहास या बाबतीत जरा बरा. 1865 साली पॅरिसला वीस राष्ट्रे एकत्र आली आणि सर्वांसाठी एकच मोर्स लिपी मान्य झाली. हिंदुस्थानही 1869 पासून त्या संघात आहे. मात्र अमेरिका तेव्हाही फटकून होती. तिथल्या तारायंत्रांवर त्यांचे स्वतःचे जुने मोर्स चाले आणि त्यातली कित्येक अक्षरे आमच्याहून निराळी. मी तिकडच्या एखाद्या जुन्या तारमास्तरापुढे कट्ट-कड्ड केले असते तर त्याला अर्धे कळले नसते. हे आठवल्यावर मला माझ्या फोनाबद्दल थोडी सहानुभूती वाटू लागली.

कानाशी तोंड

पण या प्रकरणाची खरी गाठ वेगळीच आहे, आणि ती सुटल्याशिवाय काही समजले असे म्हणता येत नाही. वाचक विचारील, की अमेरिकेने आपले 850 ठेवावे, शेजारी आमचे 900 ही चालवावे. पाहुण्यांची सोय होईल. काय बिघडले?

बिघडते ते असे. मोबाईलचे बोलणे एका पट्ट्यात होत नाही. फोन एका पट्ट्यात बोलतो आणि मनोरा दुसऱ्या पट्ट्यात उत्तर देतो. म्हणजे प्रत्येक पद्धतीला एक तोंड आणि एक कान. आपल्या पद्धतीत फोन 890 ते 915 मध्ये बोलतो, म्हणून मनोऱ्याचा कान 890 पासून उघडा. अमेरिकेच्या पद्धतीत मनोरा बोलतो 869 पासून 894 पर्यंत. आता हे दोन मनोरे शेजारी उभे करून पाहा. एकाचा कान जिथे आहे तिथेच दुसऱ्याचे तोंड! माझ्या खिशातल्या फोनाची कुजबूज ऐकायला मनोरा कान टवकारून बसलेला, आणि शेजारचा मनोरा त्याच कानात सनई फुंकतो आहे. शिवाय अमेरिकेत 902 ते 928 हा पट्टा घरगुती बिनतारी फोन, मीटर आणि तसल्या किरकोळ यंत्रांना मोकळा सोडलेला, म्हणजे तिथे तर रोजचा आठवडेबाजार.

वरच्या मजल्यावरही तीच कथा. आपला 1800 चा मनोरा 1805 ते 1880 मध्ये बोलतो आणि अमेरिकेच्या 1900 च्या मनोऱ्याचा कान 1850 ते 1910. पुन्हा कानाशी तोंड. म्हणजे दोन्ही पद्धती एका गावात अखंड नांदूच शकत नाहीत. देशाने एक पत्करली की दुसरी, निदान काही भागापुरती तरी, सोडावीच लागते. हा काही कोणाचा हट्ट नव्हे.

आपल्या देशाने मात्र या दोघी सवती एका घरात नांदवून पाहिल्या. 2002-03 च्या सुमारास आपल्याकडे सीडीएमए पद्धतीचे स्वस्त फोन आले, ते अमेरिकन घडणीच्या 800 च्या पट्ट्यात. मग करायचे काय? सरकारने अमेरिकन पट्टा वरून कापला. मनोऱ्याचे बोलणे 889 वर थांबवले आणि जीएसएमचा कान 890 पासून. मध्ये राहिला फक्त 1 मेगाहर्ट्झचा बांध. एवढ्या अरुंद बांधावरून आमच्या गावाकडे तीन पिढ्या कोर्टात जातात. इथेही सीडीएमएचा आवाज आमच्या कानात येतो, अशा जीएसएमवाल्यांच्या तक्रारी झाल्याच.

जपानने दोघींनाही उंबरठ्याबाहेर ठेवले. 1993 साली त्यांनी स्वतःची डिजिटल पद्धत काढली, स्वतःच्या पट्ट्यांत. ती इतकी गुणी होती की तिच्या फोनांवर जगाच्या आधी चित्रे, पत्रे, सगळे आले. आणि इतकी एकलकोंडी की ती जपानबाहेर कुठेही चालली नाही. जपानात जीएसएम कधी आलेच नाही. आपला फोन घेऊन तिथे उतरणाऱ्या पाहुण्याला विमानतळावर भाड्याने फोन घ्यावा लागे. पुढे जपानी माणसेच आपल्या त्या जुन्या फोनांना गालापागोस बेटांवरच्या प्राण्यांची उपमा देऊ लागली. ती पद्धत 2012 च्या मार्चअखेर कायमची बंद झाली.

दुखणे संपले म्हणता म्हणता

मधली काही वर्षे बरी गेली. 850, 900, 1800, 1900 या चारही गाळण्या एकाच फोनात बसवण्याची युक्ती साधली, 'क्वाड-बँड' हा शब्द खोक्यांवर छापून येऊ लागला, आणि 2008 साली आम्ही पुन्हा अमेरिकेला गेलो तेव्हा माझा नवा फोन न्यूअर्कला उतरताच बोलू लागला. मला वाटले, मिटले.

मिटले कसले! 4जी आले आणि चाराचे चाळीस झाले. ज्या देशाला जिथे तुकडा मिळाला तिथे त्याने 4जी लावले. या गोंधळाचे एक प्रकरण तर कोर्टात गेले. 2012 साली अॅपल कंपनीने आपले नवे आयपॅड ऑस्ट्रेलियात '4जी' म्हणून विकायला काढले. त्यातले 4जी 700 आणि 2100 च्या अमेरिकन घडणीच्या पट्ट्यांचे, आणि ऑस्ट्रेलियातले 4जी 1800 वर. म्हणजे नाव 4जी आणि त्या देशात 4जी चालायचे नाही. तिथल्या ग्राहक आयोगाने दावा लावला आणि कोर्टाने कंपनीला साडेबावीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला.

आकडा सारखा दिसला म्हणून भुलायचे नाही, हा या विद्येतला दुसरा धडा. 700 चेच पाहा. आपल्याकडे 2022 च्या लिलावात 700 चा पट्टा विकला गेला. अमेरिकेतही 700 आहे. पण आपल्या 700 मध्ये फोन 703 ते 748 मध्ये बोलतो, आणि अमेरिकेच्या बारा नंबरच्या बँडमध्ये मनोरा 729 ते 746 मध्ये बोलतो. पुन्हा तेच कानाशी तोंड! शिवाय 2017 साली अमेरिकेने टेलिव्हिजनची आणखी जमीन काढून 600 चा नवा पट्टा फोनांना दिला, त्याचा नंबर 71. लांब पल्ल्याच्या या सखल लहरी डोंगर, झाडी, भिंती ओलांडून जातात म्हणून खेड्यापाड्यांत त्यांचाच भरवसा. आणि भारतात विकायला केलेल्या कित्येक फोनांत नेमक्या त्यांच्याच गाळण्या नसतात.

याचा पडताळा 2023 साली आला. न्यूअर्कच्या बाकावर जिच्या जन्माची बातमी कळली ती नात आता मोटार चालवते. ती आम्हाला पेनसिल्व्हेनियातल्या डोंगरांत पानांचे रंग बघायला घेऊन गेली. शहरात माझा फोन छान चालत होता. डोंगरात शिरलो तशा त्याच्या रेघा एकेक करून गळाल्या. नातीच्या फोनाला तीन रेघा, माझा ठणठणपाळ. नात म्हणाली, "आजोबा, टॉर्च आहे ना याला?" तिच्या आईने तिला ती गोष्ट सांगून ठेवली आहे.

तो विनोदाचा प्रसंग होता, पण दर वेळी तसे नसते. 2022 साली अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी आपली 3जी सेवा बंद केली. त्यानंतर बोलणेसुद्धा 4जी वरून, 'व्होल्टे' पद्धतीने करावे लागते, आणि ते दुसऱ्या देशातून आणलेल्या फोनाला जमेलच असे नाही: पट्टे जुळतात, संदेश येतात, चित्रे दिसतात, आणि नंबर फिरवला की आवाज नाही. ऑस्ट्रेलियात 2024 च्या ऑक्टोबरअखेर 3जी बंद झाले तेव्हा तर याहून भयंकर गोष्ट उजेडात आली. काही फोन, त्यांत परदेशातून आणलेलेही होते, रोजचे बोलणे 4जी वर उत्तम करीत. पण संकटकाळचा 000 हा नंबर फिरवला की ते आतल्या आत जुन्या 3जी कडे धाव घेत. ते 3जी आता नव्हतेच. म्हणजे घरात कोणाच्या छातीत कळ आली आणि रुग्णवाहिकेला फोन लावला, तर नेमका तेवढाच फोन लागायचा नाही, आणि हे त्या क्षणापर्यंत कोणाला कळायचेही नाही. शेवटी तिथल्या सरकारने कंपन्यांना बजावले, की असे फोन आपल्या जाळ्यावर घेऊच नका.

हे वाचले तेव्हा मला न्यूअर्कचा बाक आठवला. आमची कथा लाडू वाटून संपली. इस्पितळात काही वेगळे घडले असते तर? जावयाने पंचवीस वेळा फिरवलेला तो नंबर वेगळ्या बातमीसाठी असता तर? या प्रश्नावर आम्ही दोघे घरात कधी बोललो नाही.

हल्ली आमच्या सोसायटीत कोणी परदेशी निघाले की खोके घेऊन माझ्याकडे येतात. गेल्या महिन्यात शेजारचे नाना आले. त्यांची मुलगी अमेरिकेत, गावापासून दूर, शेतीच्या मुलखात राहते. नव्या फोनाचे खोके त्यांनी कौतुकाने माझ्या पुढ्यात ठेवले. मी भिंग घेऊन मागची बारीक अक्षरे वाचू लागलो. 2 आहे, 4 आहे, 5 आहे. बारा नाही, तेरा नाही, एकाहत्तर नाही.

"म्हणजे चालणार नाही का हो?" नानांचा चेहरा उतरला.

"शहरात चालेल, नाना. मुलीच्या अंगणात चालेल असे सांगवत नाही. तिकडे पोचल्याबरोबर तिथला एक साधा फोन घ्या आणि जवळ बाळगा. आणि तो घेतलात की जावयाला समोर बसवून त्यावरून एकदा बोलून पाहा. नुसता संदेश नव्हे, बोलून."

मग मी जुना तारेचा कोरा फॉर्म काढला. असे दोन-चार मी आठवण म्हणून जपून ठेवले आहेत. तारसेवा आपल्याकडे 2013 च्या जुलैत बंद झाली. त्याच्या पाठीवर मी मुलीचा नंबर, जावयाचा नंबर आणि घरचा पत्ता ठळक अक्षरांत लिहून दिला. "हा वहिनींच्या पर्समध्ये ठेवा. फोनात नव्हे."

नाना कागदाची घडी घालीत होते, तेवढ्यात आतून सौभाग्यवतीचा आवाज आला.

"आणि त्यांना म्हणावं, लाडवांचा एक डबा हातातल्या पिशवीत वरच ठेवा. बाकावर बसायची वेळ आली तर लागतो."